शेपूट वाकडंच राहू द्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घरी आठ महिन्यांची कुत्री आहे. तीन महिन्यांत ती बसायला, थांबायला, हाक मारली की यायला शिकली, आणि हे सगळं तुम्हीच शिकवलंत. स्वतःला मात्र सकाळी उठून व्यायाम करायला आणि रात्री फोन बाजूला ठेवायला दोन वर्षांत शिकवता आलेलं नाही. तिच्यावर जे चाललं ते स्वतःवर चालेल का, आणि माणसाने स्वतःला असं 'ट्रेन' करणं कमीपणाचं नाही का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय मित्राने ऐकवलेली म्हण तुम्हाला चांगलीच लागलेली दिसते: कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच.

म्हणीकडे नंतर येते. बावीस वर्षं कुत्रे शिकवतेय, त्यामुळे त्या म्हणीशी माझं जुनं भांडण आहे.

आधी कमीपणाबद्दल. ही तत्त्वं मुळात कुत्र्यांची नाहीतच. 1898 मध्ये मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइकने मांजरांना कडीच्या खोक्यात बंद करून ती बाहेर पडायला किती वेळ घेतात ते मोजलं. ज्या हालचालीने दार उघडलं ती हालचाल पुढच्या वेळी लवकर व्हायला लागली. पुढे बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने तोच धागा उंदीर आणि कबुतरांवर पुढे नेला. 1960च्या दशकात हवाईमध्ये कॅरेन प्रायर यांनी डॉल्फिन शिकवले. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालता येत नाही, त्याला ओढता येत नाही आणि ओरडलात तर तो सरळ तळाशी निघून जातो. म्हणून शिट्टी आणि मासा एवढ्यावर काम करावं लागलं. कुत्र्यांच्या शिकवणीत हे सगळं त्यानंतर बऱ्याच वर्षांनी रुळलं. तोवर आमच्याकडे पट्ट्याला हिसके देणं हेच प्रशिक्षण होतं आणि मीही सुरुवातीची दोन-तीन वर्षं तेच केलं.

तेव्हा कमीपणा असलाच तर तो दुसरीकडे आहे. तुम्ही कुत्रीला 'थांब' म्हणालात आणि ती उठली, तर तुमच्या मनात काय येतं? 'बाहेर आवाज झाला वाटतं' किंवा 'मी जरा जास्तच लांब गेले'. म्हणजे चूक योजनेत शोधली जाते. आणि व्यायाम चुकला की? 'माझ्यात जिद्दच नाही.' तिथे योजनेला हात लागत नाही, थेट स्वभावावर शिक्का बसतो. मग पुढच्या सोमवारी तीच योजना, तशीच्या तशी. माझ्याकडे येणाऱ्या शंभरातल्या नव्वद माणसांचं हेच होतं आणि माझंही झालंय. कुत्रा चुकला तर त्याच्या चारित्र्यावर बोलण्यात अर्थ नसतो म्हणून आपण त्याच्यापुरते शहाणे होतो. हा शहाणपणा स्वतःकडे वळवायचा, माझं उत्तर मुळात एवढंच आहे. बाकी सगळा तपशील आहे, पण अडतं नेमकं तिथेच.

'थांब' कसं शिकवलंत ते आठवा. आमच्या कामात त्याच्या तीन बाजू धरतात: किती वेळ, किती अंतरावरून आणि आजूबाजूला किती गडबड असताना. नियम असा की एका वेळी एकच बाजू वाढवायची आणि ती वाढवताना बाकीच्या दोन कमी करायच्या. कुत्री दहा सेकंद थांबते म्हणून लगेच बागेत, वीस पावलांवरून, मुलं खेळत असताना दहा सेकंद मागितलेत तर ती उठणारच. ती हट्टी म्हणून नव्हे. तिला ते आलेलंच नाही म्हणून.

आता तुमचा सोमवार बघा. रोजच्यापेक्षा दीड तास आधी उठणार, पाऊण तास व्यायाम करणार, तोही कधी न केलेला, आणि शिवाय त्याच दिवसापासून रात्री फोन बंद. तिन्ही बाजू एकदम, वर चौथी. तुम्ही लिहिलंय की चौथ्या दिवशी मोडतं. मला तर तीन दिवस टिकतं याचंच कौतुक वाटलं.

स्किनरची 1943 मधली एक गोष्ट मी नव्या शिकाऊ मुलांना हमखास सांगते. एका पिठाच्या गिरणीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर तो आणि त्याचे सहकारी कबुतराला चोचीने चेंडू ढकलायला शिकवत होते. चेंडूला फटका बसला की दाणे द्यायचे असं ठरलं होतं. बसले वाट बघत. कबुतर काही फटका मारेना. मग कंटाळून त्यांनी ठरवलं, चेंडूकडे नुसतं पाहिलं तरी दाणा देऊ. पाहिलं, दाणा. चोच जवळ नेली, दाणा. टेकवली, दाणा. काही मिनिटांत कबुतर चेंडू खोक्याच्या भिंतींवर आपटायला लागलं. आपण बहुतेक जण फटक्याची वाट बघत बसलेलो असतो.

चेंडूकडे पाहणं म्हणजे तुमच्या व्यायामात काय, हे तुम्हीच ठरवायचं. मी माझ्यापुरतं ठरवलं होतं. पाच वर्षांपूर्वी कमरेने दगा दिला. मोठे कुत्रे उचलण्याचा परिणाम, दुसरं काय. रोज वीस मिनिटांचे व्यायाम सांगितले गेले. तीन वेळा सुरू केले, तीन वेळा सोडले. चौथ्यांदा मी स्वतःला माझ्या वर्गातला कुत्रा समजले आणि पहिल्या आठवड्याचं काम ठेवलं: चटई अंथरायची, तिच्यावर उताणं पडायचं, दहा श्वास घ्यायचे, उठायचं. बस. नवरा हसला. सात दिवसांत सातही वेळा झालं. दुसऱ्या आठवड्यात एक व्यायाम. वीस मिनिटांवर यायला मला अकरा आठवडे लागले आणि मधे दोनदा मागे यावं लागलं.

मागे कधी यायचं यालाही आमच्याकडे साधा ठोकताळा आहे. पाच वेळा सांगून पाहा. चार-पाच वेळा जमलं तर पुढची पायरी. तीन वेळा जमलं तर तिथेच राहा. दोन किंवा त्याहून कमी, तर एक पायरी खाली. यात राग नाही, लोभ नाही, नुसता हिशोब आहे. स्वतःसाठी पाच दिवस धरा. पाचांतले दोनच दिवस व्यायाम झाला तर पुढच्या पाच दिवसांत 'जास्त जोर' लावायचा नाही, व्यायाम अर्धा करायचा. लोकांना हे फार जड जातं. खाली उतरणं म्हणजे हरणं असं वाटतं. पण कुत्र्याला पायरीखाली नेताना तुम्हाला कधी हरल्यासारखं वाटलं?

आता बक्षिसाबद्दल, कारण खरी गोची तिथे आहे.

कुत्री बसली आणि तुम्ही खिसे चाचपत, पुडी उघडत पाच सेकंदांनी खाऊ दिलात, तर तोवर ती उठून उभी राहिलेली असते. खाऊ उभं राहण्याला मिळाला. म्हणून आम्ही क्लिकर, म्हणजे दाबलं की 'टिक' वाजणारी छोटी डबी, वापरतो किंवा 'येस'सारखा एक छोटा ठरलेला शब्द. नेमक्या क्षणी तो आवाज झाला की कुत्र्याला कळतं, हेच बरोबर होतं, खाऊ मागून येतोय. कृती आणि बक्षीस यांच्यामधला तो पूल असतो. व्यायामाचं बक्षीस तीन महिन्यांनी येतं. फोनचं बक्षीस अर्ध्या सेकंदात. या शर्यतीत व्यायाम हरणार हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

म्हणून दूरच्या बक्षिसाकडे नेणारा जवळचा पूल बांधावा लागतो. चटई गुंडाळली की त्याच क्षणी भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाड पेनने फुली मारणं, हा माझा क्लिक. हास्यास्पद वाटेल. पण नुसती फुली पुरत नाही, जसा खाऊशिवाय नुसता क्लिक चार दिवसांत पोकळ होतो. फुलीमागून काहीतरी खरं यायला हवं.

खरं म्हणजे कुणाच्या लेखी खरं? बक्षीस कुठलं ते कुत्रा ठरवतो. मी एकदा टेरियर जातीच्या एका कुत्र्याला महिनाभर उत्तम खाऊ देत राहिले आणि तो नाइलाजाने खात राहिला. त्याला हवा होता फाटका टेनिस बॉल. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड प्रेमॅकने 1959 मध्ये शाळकरी मुलांवर हेच दाखवलं. काही मुलांना गोळ्या-चॉकलेटपेक्षा पिनबॉलचं, म्हणजे गोळी उडवून खेळायचं, यंत्र जास्त आवडायचं. ती पिनबॉल खेळायला मिळावं म्हणून जास्त गोळ्या खायला लागली. ज्यांना गोळ्या प्रिय होत्या त्यांचं उलट. म्हणजे बक्षीस ही वेगळी वस्तू असायलाच हवी असं नाही. जे आपण एरवी आपणहून करतोच, ते जे होत नाही त्याच्या मागे लावायचं. कुत्र्याला दार उघडून बाहेर धावायचंय? मग आधी बस, मग दार. तुम्ही सकाळी उठल्या-उठल्या बातम्या बघता असं लिहिलंय. बातम्या राहू द्या, फक्त चटईनंतर.

इथे मात्र तुमच्यात आणि कुत्रीत एक मोठा फरक आहे, आणि तो लपवून ठेवणं मला बरोबर वाटत नाही. खाऊची पिशवी तुमच्या खिशात असते, तिच्या नाही. स्वतःला शिकवताना पट्ट्याची दोन्ही टोकं तुमच्याच हातात असतात. पाच मिनिटांत तुम्हाला कळतं की चटई न अंथरताही बातम्या बघता येतात. यावर माझ्याकडे दोनच उपाय आहेत. एक, पिशवी दुसऱ्याच्या खिशात ठेवणं: सोबत व्यायामाला येणारा माणूस, रात्री फोन ताब्यात घेणारी बहीण. दोन, बक्षीस कामातच मिसळून टाकणं. आवडीचं काही ऐकायचंय ते फक्त चालतानाच ऐकायचं, म्हणजे फसवायला जागाच कमी.

आणखी एक सावधगिरी. जे तुम्हाला मुळातच आवडतं त्याला बक्षीस लावू नका. 1973 मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांना, ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला आधीपासूनच आवडत होतं त्यांना, चित्र काढल्यास प्रमाणपत्र देऊ असं आधी सांगून दिलं. नंतर ती मुलं मोकळ्या वेळात चित्रं कमी काढायला लागली. ज्यांना प्रमाणपत्र अचानक मिळालं त्यांचं तसं झालं नाही. कुत्र्यांतही मला असं काहीसं दिसतं. वास घेत भटकणं हेच ज्याचं सुख, त्याला प्रत्येक पावलावर खाऊ देत बसलात तर तो वास सोडून तुमच्या खिशाकडे बघत चालतो.

आता फोन. इथे जरा थांबायचंय, कारण तुम्ही त्याला व्यायामाच्याच खात्यात टाकलंय आणि तो तिथला नाही. व्यायाम ही नसलेली सवय बसवायची आहे, फोन ही बसलेली सवय काढायची आहे. आमच्याकडे ही दोन अगदी वेगळी कामं आहेत.

अंगावर उड्या मारणाऱ्या कुत्र्याचा मालक येतो आणि म्हणतो, 'याने उड्या मारू नयेत असं मला हवंय.' मी विचारते, मग त्याने काय करावं? बहुतेक जण गोंधळतात. 'न करणं' ही कृतीच नाही, ती शिकवता येत नाही. मेलेला कुत्राही उड्या मारत नाही. कुत्र्याला दुसरं काहीतरी द्यावं लागतं, आणि तेही असं की ते करताना उडी मारताच येऊ नये. बसलेला कुत्रा उडी मारू शकत नाही. तोंडात खेळणं असलेला कुत्रा नीट भुंकू शकत नाही. मग रात्री साडेदहा वाजता तुमच्या हातांनी काय करावं? 'फोन घेऊ नये' हे उत्तर नाही. माझ्या ओळखीतल्या एकीने विणकाम धरलं, कारण सुया हातात असताना स्क्रोल करता येत नाही. तुम्हाला काय जमेल ते तुम्ही बघा, पण दोन्ही हात गुंतले पाहिजेत.

त्याच्याही आधीची पायरी म्हणजे चप्पल कपाटात ठेवणं. पिल्लू चपला चावतं तेव्हा पहिल्या दिवशी आम्ही काहीच शिकवत नाही, चपला उचलून ठेवतो. कारण चुकीची गोष्ट जितक्या वेळा घडते तितका तिचा सराव होतो आणि चावण्यात मजा असल्यामुळे प्रत्येक सरावाला बक्षीसही मिळतं. उशाशी फोन ठेवून निग्रहाची परीक्षा घेणं म्हणजे पिल्लासमोर चपला मांडून त्याला प्रवचन देणं. फोन दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावा. गजरासाठी साधं घड्याळ. याला कुणी पळवाट म्हणेल. मी म्हणते, अर्धं प्रशिक्षण हेच आहे, आणि बऱ्याच घरांत उरलेल्या अर्ध्याची गरजच पडत नाही.

पण फोन इतका चिकट का, हेही समजून घ्या. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी कबुतरांना दाणे वेगवेगळ्या हिशोबाने देऊन पाहिले. बटणावर चोच मारली की दर टोचणीला दाणा मिळत होता तो अचानक बंद केला, तर कबुतर लवकर नाद सोडतं. दाणा कधी तिसऱ्या, कधी तिसाव्या टोचणीला, असा बेभरवशाचा मिळत असेल तर ते टोचतच राहतं. जुगाराची यंत्रं याच हिशोबावर चालतात. फोनवर दहा वेळा काहीच नसतं, अकराव्या वेळी कुणाचातरी छान निरोप असतो. आम्ही हेच तंत्र मुद्दाम वापरतो: नवं काही शिकवताना दर वेळी खाऊ, पक्कं झालं की मधूनच. जेवणाच्या टेबलापाशी भीक मागणारा कुत्राही असाच तयार होतो. घरातले नऊ वेळा 'नाही' म्हणतात आणि दहाव्यांदा एक घास टाकतात. त्यांना वाटतं आपण बहुतेक वेळा कडक वागतो. प्रत्यक्षात त्यांनी चिकाटी शिकवलेली असते.

आता नीट वाचा, कारण तुमचा चौथा दिवस इथे सापडेल. हा कुत्रा सुधारायचा म्हणून घरातल्यांनी घास देणं पूर्ण बंद केलं, तर भीक लगेच कमी होत नाही. आधी वाढते. तो जास्त भुंकतो, पंजा मारतो, कधीच न केलेले आवाज काढतो. जे आजवर चाललं ते चालेनासं झालं म्हणून तो ते जोरात करून बघतो. हा उद्रेक साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी टिपेला जातो असा माझा अनुभव आहे, नियम नाही. नेमकं तेव्हाच कुणीतरी वैतागून घास टाकतं. झालं! आता त्याला कळलं की एवढ्या जोरात भुंकायचं असतं. फोन सोडल्यावर चौथ्या रात्री तुम्हाला जी तगमग होते तिला तुम्ही 'मला जमत नाही' याचा पुरावा मानता. मी तिला उलट वाचते: जुनी सवय बक्षीस मिळेना म्हणून आदळआपट करतेय. ती रात्र आधीच कॅलेंडरवर टिपून ठेवा आणि त्या दिवशी दुसरं काही अवघड ठरवू नका. आणि महिनाभराने एखाद्या रात्री तीच ओढ पुन्हा डोकं वर काढेल. तेही ठरलेलंच आहे.

शिक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या पत्रात ती ओळीओळीत आहे. 'स्वतःशी कडक वागायला हवं' असं तीनदा लिहिलंय.

कुत्र्यांच्या जगातही हा कडकपणा खूप वर्षं चालला आणि त्यामागे एक गैरसमज होता. रुडॉल्फ शेंकेल यांनी 1947 मध्ये प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांच्या भांडणांवर लिहिलं. त्यातून 'कळपाचा एक दादा असतो, मालकाने दादा व्हायचं' ही कल्पना पसरली. मुळात ते एकमेकांना अनोळखी, एका कुंपणात कोंडलेले लांडगे होते. ज्यांच्या पुस्तकामुळे ती कल्पना रुजली त्या डेव्हिड मेक यांनीच 1999 मध्ये लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुतेकदा आईबाप आणि त्यांची पोरं, दादागिरी मारामारीने मिळवावी लागत नाही. तरी आजही मालक मला विचारतात, 'याला दाखवून द्यायला नको का?' आणि स्वतःच्या बाबतीत तर आपण सगळेच आत एक दादा बसवून ठेवतो.

शिक्षेने काहीच होत नाही असं नाही. होतं, पण भलतंच. कुत्र्याने गालिच्यावर शू केली आणि मालक दोन तासांनी येऊन ओरडला, तर कुत्रा गालिच्याबद्दल काही शिकत नाही. मालक घरी येणं म्हणजे संकट, एवढं शिकतो. मग तो कान पाडून पलंगाखाली जातो आणि मालक म्हणतो, बघा, याला चूक कळतेय. व्यायाम चुकला म्हणून रात्री स्वतःला शिव्या घालणारा माणूस व्यायामाबद्दल काय शिकतो? ती वही, ते कॅलेंडर, तो वजनकाटा, यांच्याजवळ जाऊ नये, हे. तीन आठवड्यांनी वही सापडत नाही. ती पलंगाखाली गेलेली असते.

शब्दही असेच नासतात. ज्या कुत्र्याला फक्त अंघोळीसाठी आणि बागेतून परत नेण्यासाठी 'ये' म्हटलं जातं, तो 'ये' ऐकला की उलट दिशेला पळतो. अशा वेळी आम्ही तो शब्द दुरुस्त करत बसत नाही. टाकून देतो आणि नवा घेतो. तुम्ही व्यायामाला 'शिस्त' म्हणता. दोन वर्षं त्या शब्दामागून फक्त अपराधीपणा आलाय. बदला तो. काहीही म्हणा, 'चटई' म्हणा.

आणि एक जुना प्रयोग, जो कुत्र्यांवर झाला याचं मला अजून वाईट वाटतं. 1967 मध्ये मार्टिन सेलिग्मन आणि स्टीव्हन मायर यांनी काही कुत्र्यांना न टाळता येणारे विजेचे झटके दिले. नंतर त्यांना अशा पेटीत ठेवलं जिथे मधला आडोसा उडी मारून ओलांडला की सुटका होती. त्यांतल्या बऱ्याच जणांनी उडी मारायचा प्रयत्नच केला नाही. तेव्हा म्हटलं गेलं की ते हतबलता शिकले. पण 2016 मध्ये त्याच दोघांनी मेंदूच्या नंतरच्या अभ्यासांवरून हे उलटं मांडलं: लांबलेल्या त्रासापुढे गप्प पडून राहणं ही मूळ प्रतिक्रिया आहे, शिकावं लागतं ते 'माझ्या करण्याने काहीतरी बदलतं' हे. म्हणून मी चटईच्या दहा श्वासांवर इतकी अडून बसते. त्याने कंबर सुधारत नाही. 'मी ठरवलं आणि झालं' याची एक नोंद मात्र होते.

काही छोट्या गोष्टी. स्वयंपाकघरात 'बस' शिकलेला कुत्रा बागेत बसत नाही, कारण त्याच्या लेखी ते शिकणं त्या फरशीसकट झालेलं असतं. तुमची सवयही प्रवासात, पाहुणे आल्यावर, नव्या घरात मोडेल. तिथे पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू करायचं. या वेळी लवकर पुढे सराल.

एकवीस दिवसांत सवय लागते, हा आकडा विसरा. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी 96 जणांच्या नव्या सवयींचा मागोवा घेतला तेव्हा सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागल्याचं त्यांना दिसलं, पण माणसामाणसांत 18 पासून 254 दिवसांपर्यंत फरक होता. एखादा दिवस चुकला तर मोठं काही बिघडत नव्हतं.

आणि शिकलेला कुत्रा अचानक बिघडला तर मी आधी पशुवैद्याकडे पाठवते, मग शिकवते. कान दुखत असेल, सांधा दुखत असेल. तुमची झोप पुरत नसेल, मन बरेच आठवडे उदास असेल, सतत थकवा असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

आता ती म्हण. स्किनरचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलँड यांनी जाहिराती आणि जत्रांसाठी कितीतरी जातींचे प्राणी शिकवले. 1961 मध्ये त्यांनी आपल्या फसलेल्या कामांवर एक लेख लिहिला, आणि अशी कबुली आमच्या धंद्यात फार कमी लोक देतात. रॅकून या अमेरिकेतल्या, पंजांनी वस्तू हाताळणाऱ्या प्राण्याला नाणी डब्यात टाकायला शिकवायचं होतं. एक नाणं असेपर्यंत अडखळत का होईना जमलं. दोन दिली की तो ती डब्यात टाकेना. दोन्ही एकमेकांवर घासत बसे, डब्यात बुडवून बाहेर काढी, पुन्हा घाशी. खाऊ मिळत नव्हता तरी. डुकरं नाणं वाटेत टाकून नाकाने उकरायला लागली. अन्न दिसलं की जे त्यांच्या रक्तात आहे तेच वर आलं. ब्रेलँड दांपत्याने मान्य केलं की जातीच्या स्वभावाशी लढून काम होत नाही.

म्हणजे तुमचा मित्र अर्धा बरोबर आहे. शेपूट वाकडंच राहतं. पण बावीस वर्षांत एकाही मालकाने माझ्याकडे शेपूट सरळ करून मागितलेलं नाही. वाकड्या शेपटाचा कुत्रा हाक मारली की येतो, दारात थांबतो, लहान मुलांत शांत बसतो. नळीत घालायची कल्पनाच कुत्रा कधी न पाळलेल्या माणसाची असावी. तुम्ही लिहिलंय की रात्री अकरानंतर तुमचं डोकं सगळ्यात तल्लख चालतं आणि सकाळी दोन तास बोलावंसंही वाटत नाही. मग व्यायाम पहाटेच का? कुणी ठरवलं? शिकारीच्या जातीच्या कुत्र्याला मी मांडीवर बसायला शिकवत नाही, वास शोधायचं काम देते. माझा सल्ला, पहाट सोडून द्या आणि संध्याकाळी कुत्रीला फिरवून आल्यावर लगेच चटई अंथरा. फिरणं रोज होतंच. त्याच्या शेपटीला हे बांधा. बातम्याही मग सकाळच्या नकोत, संध्याकाळच्या.

या आठवड्यात एवढंच: फिरून आलात, पट्टा खुंटीला अडकवलात की चटई, दहा श्वास, फुली, बातम्या. फोनला या आठवड्यात हात लावू नका, म्हणजे ती सवय बदलायला जाऊ नका. फक्त रात्री चार्जर दुसऱ्या खोलीत हलवा. पाचांतले किती दिवस झालं ते मोजा आणि मला आकडा कळवा, कारण नकोत. आणि तिसऱ्या दिवशी अंगात उत्साह येऊन 'आज वीस मिनिटं करूच' असं वाटेल, तेव्हा दहाव्या श्वासाला उठा. चेंडू अजून हवा असतानाच आम्ही तो खिशात टाकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी कुत्रा आमच्या आधी दारात येऊन बसलेला असतो.